परतीच्या वाटेवरची खेळणी

टोकियोच्या आसाकुसा भागात सेन्सोजी देवळाकडे जाणारी नाकामिसे नावाची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना दुकानांची रांग, मधून माणसांचा लोंढा आणि तांदळाचे सेंबेई भाजल्याचा खमंग वास. गल्ली जिथे संपत येते, तिथे देवळाच्या अंगाला ‘सुकेरोकू’ नावाचं एक चिमुकलं दुकान आहे. ते १८६६ पासून चालू आहे. चार-पाच गिऱ्हाइकं आत शिरली की पुढच्याने बाहेरच थांबलेलं बरं, इतकीच जागा. मालही त्याच मापाचा. नखावर मावेल असा कुत्रा, बोटाच्या पेराएवढा ढोलकीवाला, काडेपेटीत राहील एवढी मिठाईवाल्याची हातगाडी. सगळं हाताने घडवलेलं आणि हाताने रंगवलेलं.

एवढं लहान का, याचं उत्तर सरकारी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शोगुन तोकुगावा योशिमुने याने काटकसरीचे कडक कायदे आणले. १७२१ साली तर हिना या मुलींच्या सणाच्या बाहुल्यांच्या उंचीवरही मर्यादा आली: आठ ‘सुन’, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटरपेक्षा मोठी बाहुली बनवायची नाही. एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, पैसेवाल्या व्यापाऱ्यांना मिरवायची हौस तर होतीच. कारागिरांनी मग आकार कमी केला आणि कसब वाढवलं. कायदा पाळला गेला, हौसही भागली.

या दुकानातला सर्वांत लाडका प्राणी म्हणजे कागदाच्या लगद्याचा कुत्रा. कुत्री सहज विते, म्हणून गर्भारपणात आणि बाळंतपणात कुत्र्याची प्रतिमा शुभ. बाळाला पहिल्यांदा देवदर्शनाला नेतात, तेव्हाही हा कुत्रा भेट म्हणून येतो. त्यातल्या एका प्रकारात कुत्र्याच्या डोक्यावर बांबूची टोपली उपडी घातलेली असते. टोपलीतून जशी हवा आणि पाणी आरपार जातं, तसं बाळाचं नाक मोकळं राहावं, सर्दीने चोंदू नये, ही त्यामागची भावना. तान्ह्या मुलाची सर्दी हा जगातल्या सगळ्या आयांचा छळ. त्यावर टोपीवाला कुत्रा हा उपाय मात्र एदोवाल्यांनाच सुचला.

जपानची पारंपरिक खेळणी आणि छोट्या वस्तू पाहायला निघालेल्या माणसाला हळूहळू एक गोष्ट कळत जाते. यातल्या बहुतेक वस्तू गावाला परत निघालेल्या माणसाच्या हातात ठेवण्यासाठी घडल्या. यात्रेकरू, गरम पाण्याच्या झऱ्यांवर आठवडा-पंधरवडा राहायला आलेले शेतकरी, महामार्गावरचे वाटसरू ही त्यांची पहिली गिऱ्हाइकं. एदो काळात इसेच्या महामंदिराला जायचं तर गावकरी वर्गणी काढत आणि चिठ्ठ्या टाकून एक-दोघांना सगळ्यांच्या वतीने पाठवत. ज्यांच्या पैशांवर तो गेला, त्यांच्यासाठी त्याने काहीतरी आणलंच पाहिजे. ते काहीतरी हलकं हवं, स्वस्त हवं, वाटेत न फुटणारं हवं आणि ‘मी तिथे जाऊन आलो’ हे सांगणारं हवं. आज जपानी माणूस दोन दिवसांच्या प्रवासाहून परतताना कचेरीतल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र वेष्टनातली मिठाई आणतो, त्याला ‘ओमियागे’ म्हणतात. आणली नाही तर कोणी बोलत नाही, पण नोंद होते.

टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान गाडीने तासाभरात ताकासाकी येतं. गुन्मा प्रांतातलं हे शहर दारुमा बाहुल्यांचं. जपानमधल्या दारुमांपैकी सुमारे ८० टक्के इथे तयार होतात. स्टेशनवर मिळणारा जेवणाचा डबासुद्धा लाल दारुमाच्या आकाराचा असतो आणि रिकामा झाला की गल्ला म्हणून वापरता येतो.

दारुमा म्हणजे बोधिधर्म. पाचव्या-सहाव्या शतकात दक्षिण भारतातून चीनला गेलेला हा भिक्षू, परंपरा त्याला कांचीपुरमचा राजपुत्र मानते. तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला आणि त्याचे हातपाय झडून गेले, अशी दंतकथा आहे. म्हणून बाहुलीला हात नाहीत, पाय नाहीत. बुडाला वजन असल्यामुळे कितीही ढकला, परत उभी. भारतातून गेलेल्या माणसाला या लाल, गोल, दाढीवाल्या चेहऱ्यात कांचीपुरमचा कोणी सापडणं कठीणच. पण ज्या भिक्षूचं नाव भारतात बौद्ध इतिहास वाचणाऱ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, तो जपानमध्ये निवडणूक कचेऱ्यांतल्या टेबलावर बसलेला असतो, हे पाहून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

निवडणुकीचा संबंध डोळ्यांशी आहे. दारुमा विकत घेतला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे कोरे असतात. मनात इच्छा धरून त्याचा डावा डोळा, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताचा, शाईने भरायचा. इच्छा पुरी झाली की दुसरा. उमेदवार निवडून आला की कॅमेऱ्यांसमोर भला मोठा दारुमा आणून दुसरा डोळा रंगवतो. वर्ष संपलं की दारुमा देवळात परत करायचा, तिथे तो विधिपूर्वक जाळतात आणि नवा घेतात. दरवर्षी आधीपेक्षा थोडा मोठा घ्यावा, अशीही रीत आहे. ही रीत कुणी सुरू केली कोण जाणे, पण त्याला धंदा कळत होता.

शोरिनझान दारुमाजी हे दारुमाचं मूळ देऊळ शहराबाहेर टेकडीवर आहे. पायऱ्या चढून गेलं की मुख्य मंडपाच्या बाजूला परत आलेल्या दारुमांचे ढीग दिसतात, मुठीएवढ्यापासून कवेत न मावणाऱ्यापर्यंत. १७८३ साली जवळच्या आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, राखेने शेतं गेली, त्यात तेन्मेईचा मोठा दुष्काळ. तेव्हा देवळाच्या प्रमुख भिक्षूने लाकडी साचा तयार करून आसपासच्या शेतकऱ्यांना कागदाचे दारुमा बनवायला शिकवलं, ही देवळाची कथा. हिवाळ्यात शेत रिकामं, हात रिकामे. जानेवारीच्या ६ आणि ७ तारखेच्या जत्रेत माल विकायचा. जत्रा आजही भरते. ताकासाकीच्या दारुमाच्या भुवयांमध्ये करकोचा आणि गालावरच्या केसांमध्ये कासव दडवलेलं असतं. दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हं. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही.

याच देवळाच्या आवारात सेन्शिनतेई नावाची एक छोटी झोपडीवजा वास्तू आहे. नाझी सत्तेमुळे जर्मनी सोडून आलेला प्रसिद्ध वास्तुकार ब्रुनो टाउट १९३४ ते १९३६ या काळात तिथे राहिला. इमारती बांधायची संधी त्याला जवळजवळ मिळाली नाही, तेव्हा त्याने स्थानिक कारागिरांबरोबर बांबूच्या, लाकडाच्या छोट्या वस्तूंचे आराखडे केले. त्या टोकियोच्या गिंझा भागातल्या ‘मिरातिस’ नावाच्या दुकानात विकल्या जात. दारुमा पाहायला येणाऱ्या गर्दीतले फार थोडे या घरापर्यंत पोहोचतात. पोहोचावं.

खुद्द टोकियोतलं गोतोकुजी देऊळ हे पंजा हलवणाऱ्या मांजराचं, मानेकीनेकोचं, एक मूळ स्थान मानलं जातं. सरदार ई नाओताका याला देवळातल्या मांजराने पंजा हलवून आत बोलावलं आणि तो वादळातून वाचला, ही तिथली गोष्ट. देवळाच्या बाजूला शेकडो पांढरी मांजरं ओळीने मांडून ठेवलेली असतात. तळहात खाली करून बोटं हलवणं म्हणजे ‘ये’, हे भारतीय पाहुण्याला समजावून सांगावं लागत नाही. मांजर निरोप घेतंय असं वाटून गोंधळतात ते युरोप-अमेरिकेचे पर्यटक. मुंबई-पुण्याच्या दुकानांत गल्ल्याजवळ बॅटरीवर हात हलवणारं जे सोनेरी मांजर दिसतं, ते बहुधा चीनहून आलेलं असतं.

फुकुशिमा प्रांताच्या पश्चिमेला आइझू हा डोंगरांनी वेढलेला प्रदेश आहे. हिवाळ्यात बर्फ कंबरेला लागतं. १५९० च्या दशकात इथला सरदार गामो उजिसातो याने हलाखीतल्या कनिष्ठ सामुराईंना पोटापाण्याचा जोडधंदा म्हणून कागदी खेळण्यांची कला शिकवली, असं मानतात. तलवार बाळगणारा माणूस संध्याकाळी घरी बसून खळ आणि कागद घेऊन बाहुल्या बनवतोय, हे चित्र सामुराईंच्या सिनेमांत सहसा येत नाही.

त्या बाहुल्यांपैकी एक म्हणजे ओकिआगारी-कोबोशी. अंगठ्याएवढी, जेमतेम तीन सेंटिमीटर उंच, बुडाला मातीचं वजन, चेहऱ्यावर चार-दोन रेघा. आइझू-वाकामात्सु शहरात १० जानेवारीला ‘तोकाइची’ नावाचा बाजार भरतो, तेव्हा त्या विकायला येतात. घेण्याची पद्धत मजेशीर आहे. गिऱ्हाईक मूठभर बाहुल्या उचलून ताटलीत टाकतं. ज्या चटकन उभ्या राहतील त्या ठेवायच्या, ज्या लोळत पडतील त्या परत टोपलीत. तान्ह्या नातवापासून पणजीपर्यंत कडाक्याच्या थंडीत सगळे बाहुल्या फेकत उभे असतात आणि दुकानदार शांतपणे पाहतो. किती घ्यायच्या? घरात जितकी माणसं, त्याहून एक जास्त. घरात माणूस वाढो, भरभराट होवो म्हणून ती एक जादा. देव्हाऱ्यात वर्षभर ठेवतात. किंमत दोन-चारशे येन. जपानच्या प्रवासात इतक्या कमी पैशांत इतकं मोठं समाधान देणारी दुसरी वस्तू मिळणं अवघड.

आइझूचं दुसरं अपत्य जास्त प्रसिद्ध आहे: आकाबेको, लाल बैल. आइझू-वाकामात्सुहून तादामी रेल्वेने सुमारे तासाभरावर यानाइझू गाव आहे. २०११ च्या पुरात या मार्गाचा पुढचा भाग वाहून गेला होता, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. नदीवर झुकलेल्या कड्यावर एन्झोजी देऊळ आहे. देवळाच्या बांधकामासाठी जड लाकडं वाहून नेताना माणसं आणि जनावरं थकली, तेव्हा कुठूनसा लाल बैलांचा कळप आला आणि काम तडीस गेलं, अशी कथा. ती १६११ च्या भूकंपानंतरच्या जीर्णोद्धाराशी जोडतात. खेळण्यातल्या बैलाची मान दोरीने आत टांगलेली असते. नुसता धक्का लागला तरी तो हो-हो, नाही-नाही करत राहतो. अंगावर काळे-पांढरे गोल ठिपके. ते देवीच्या रोगाचे फोड आहेत, असा एक समज. लाल रंग देवीला पळवतो म्हणून आजारी मुलाजवळ लाल खेळणी ठेवत, लाल रंगाची चित्रं लावत. लस येण्याआधीच्या काळातली ही हतबल आईबापांची तजवीज. १९६१ हे पंचांगातलं बैलाचं वर्ष, त्या वर्षीच्या जपानी टपाल तिकिटावर हाच आकाबेको होता. कोरोनाच्या साथीत त्याला पुन्हा मागणी आली. रोग बदलला, बैल तोच.

बनवण्याची रीत सगळ्या कागदी खेळण्यांची साधारण सारखीच. लाकडी साच्यावर खळ लावलेला जपानी कागद थरावर थर चढवायचा, वाळवायचा, मग सुरीने चिरून साचा बाहेर काढायचा आणि चीर पुन्हा कागदाने बुजवायची. वर पांढरा लेप, त्यावर रंग. साचे पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतात, सुरीच्या खुणांनी चरे पडलेले.

या सगळ्या वाटेवर सर्वांत जास्त वेळ द्यावा तो नारुकोला.

टोकियोहून उत्तरेकडे जाणाऱ्या शिंकान्सेनने फुरुकावापर्यंत सुमारे दोन तास, तिथून दोन-तीन डब्यांच्या छोट्या गाडीने पाऊण तास. गाडीतून उतरलं की गंधकाचा वास नाकात शिरतो. कवी बाशो १६८९ साली आपल्या उत्तरेच्या पदयात्रेत याच भागातून गेला होता. गाव उतारावर वसलेलं, गटारांतून येणारी वाफ, आणि जिकडेतिकडे कोकेशी. टेलिफोनचं खोपटंसुद्धा कोकेशीच्या आकाराचं.

कोकेशी म्हणजे हातपाय नसलेली लाकडी बाहुली: दंडगोल धड, गोल डोकं, बारीक डोळे. दारुमाला हातपाय नाहीत त्याला दंतकथा आहे, कोकेशीला नाहीत त्याला कारण आहे. ती कातारी माणसाने घडवलेली आहे, आणि लेथवर फिरणाऱ्या लाकडातून जे निघेल तेवढंच तिचं शरीर. डोंगरात राहून वाट्या, ताटल्या कातणारे हे लोक ‘किजिशी’. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शेतकऱ्यांमध्ये, लावणी-कापणी उरकल्यावर, झऱ्यांच्या गावी मुक्काम करून अंग शेकण्याची चाल वाढली. कातारी त्या गावांच्या आसऱ्याला आले आणि उरलेल्या तुकड्यांतून बाहुल्या करू लागले. शेतकरी परतताना पोरींसाठी एक घेऊन जाई. पोरी ती पाठीला बांधून बाळ-बाळ खेळत.

तोहोकू या ईशान्य जपानच्या भागात तिच्या साधारण ११ शैली मानतात आणि बहुतेकींचं नाव एखाद्या झऱ्याच्या गावावरून आहे. त्सुचियूच्या बाहुलीच्या टाळूवर काळी वर्तुळं आणि धड सडपातळ. तोगात्ताचं डोकं मोठं, त्यावर लाल रेघांचा पिसारा. याजिरोची टोपी घातल्यासारखी. नाम्बुची जवळजवळ न रंगवलेली, डोकं डुगडुगतं, कारण मूळची ती तान्ह्यांची चोखणी. जाणकार माणूस बाहुली पाहून गाव सांगतो, आणि मुरलेला असेल तर घरसुद्धा.

नारुकोची खूण कानाने पटते. मान फिरवली की ती ‘क्यू’ असा आवाज करते. हे कसं साधतात, ते गावातल्या एखाद्या कारागिराच्या दुकानात पाहायला मिळतं. बरीच घरं पुढे दुकान, मागे कारखाना अशीच आहेत. लाकूड बहुधा मिझुकीचं, पांढरं आणि मऊ. साल काढून ते महिनोन्‌महिने उघड्यावर वाळवलेलं. कारागीर लेथसमोर बसतो, त्याची लांब दांड्याची पटाशी त्याने स्वतः भट्टीत ठोकून केलेली असते, कारण विकत मिळणारी हाताला बसत नाही. ठोकळा फिरू लागला की सालपटांच्या फिती उडून त्याच्या मांडीवर पडतात आणि दोन-तीन मिनिटांत खांद्याचा उतार, कंबरेची खोबण दिसू लागते. पूर्वी हेच काम दोघांचं होतं, एकाने दोरी ओढून लाकूड फिरवायचं आणि दुसऱ्याने कातायचं. गुळगुळीत करायला तोकुसा नावाच्या खरखरीत वनस्पतीचे देठ वापरायची जुनी रीत आहे. रंगीत पट्टे लेथ फिरत असतानाच द्यायचे. कुंचला नुसता टेकवायचा, लाकूड आपण होऊन रेघ ओढून घेतं.

मग मान. धडात पाडलेलं भोक डोक्याच्या खुंटीपेक्षा किंचित लहान ठेवतात. धड लेथवर गरागरा फिरत असतं आणि कारागीर डोकं दोन्ही हातांनी धरून त्यात दाबतो. घर्षणाने लाकूड तापतं, जळका वास येतो, एक क्षण वाटतं की आता तडकणार. तेवढ्यात डोकं आत जाऊन बसतं. गार झाल्यावर ते निघत नाही, फक्त फिरतं आणि फिरताना कुरकुरतं. गोंद नाही, खिळा नाही. त्यानंतर चेहरा. शाईने दोन भुवया, दोन डोळे, नाक, लाल ठिपक्याएवढे ओठ. धडावर शेवंतीची फुलं. चेहऱ्याच्या रेघा ओढताना बोलणं बंद. तिथे खोडायची सोय नाही.

खेळणं म्हणून कोकेशी विसाव्या शतकाच्या आरंभीच मरायला लागली होती. पत्र्याची आणि सेल्युलॉइडची खेळणी आली, पोरींनी लाकडी बाहुली टाकली. तिला वाचवलं मोठ्या माणसांनी. सेंदाईच्या आमाए तोमिया यांनी १९२८ साली कोकेशीवरचं पहिलं पुस्तक काढलं आणि शहरातले संग्राहक डोंगरातल्या कातारींची घरं शोधत फिरू लागले. युद्धानंतरच्या पर्यटनात दुसरी लाट आली, तर अलीकडे तरुण मुलींनी तिसरी आणली. त्यांना ‘कोकेजो’ असं टोपणनावही पडलं आहे. नारुकोतलं जपान कोकेशी संग्रहालय १९७५ साली उघडलं. तिथे शैलीनुसार मांडलेल्या हजारो बाहुल्या पाहिल्यावर, पाहुण्याला सुरुवातीला सगळ्या सारख्याच दिसलेल्या चेहऱ्यांमध्ये रागीट, आळशी, मिश्कील असे स्वभाव दिसू लागतात.

हाकोनेला लोक फुजी पर्वत पाहायला जातात आणि ढग पाहून परततात. त्यांनी जुन्या तोकाइदो महामार्गावरच्या हाताजुकू गावात उतरावं. एकोणिसाव्या शतकात इशिकावा निहेई या कारागिराने इथे योसेगी काम सुरू केलं. डोंगरात झाडांच्या जाती भरपूर. पांढरं, पिवळं, करडं, हिरवट, तपकिरी अशा नैसर्गिक रंगांच्या लाकडाच्या काड्या सरसाने जोडून, कापून, पुन्हा जोडून नक्षीचा ठोकळा तयार होतो. रंग अजिबात नाही. मग त्या ठोकळ्यावर मोठा रंधा असा मारायचा की आख्खी नक्षी कागदासारख्या पातळ कापात उतरावी. काप गुंडाळी होऊन बाहेर पडतो, तो इस्त्रीने सपाट करून पेट्यांवर चिकटवतात. एका ठोकळ्यातून असे कित्येक काप निघतात. त्यामुळे नक्षीच्या मानाने पेटी परवडते.

योसेगीची गुप्त पेटी मुलांना वेड लावते. तिला झाकण दिसत नाही, कुलूप नाही. एक बाजू दोन मिलिमीटर सरकवली की दुसरी हलते, मग तिसरी. साध्या पेटीला चार-दहा हालचाली, अवघड पेटीला कित्येक डझन. दुकानदार डोळ्यांसमोर सर्रकन उघडून दाखवतो आणि नंतर मुंबईतल्या घरी ती आठवडाभर उघडत नाही. सूचनांचा कागद सांभाळून ठेवावा. नववर्षात २ आणि ३ जानेवारीला टोकियो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची प्रसिद्ध पळण्याची शर्यत असते, तिच्या जाण्याच्या टप्प्याच्या विजेत्यांना योसेगीचाच चषक देतात. रशियाची मात्र्योश्का, म्हणजे बाहुलीत बाहुली, हीसुद्धा हाकोनेच्या एकात एक बसणाऱ्या देवांच्या बाहुलीवरून सुचली असं हाकोनेवाले अभिमानाने सांगतात. रशियात या दाव्यावर सगळे सहमत नाहीत.

भेटवस्तूपेक्षा तिची बांधणी अधिक बोलते, हे नागानो प्रांतातल्या ईदा शहरात समजतं. जपानी कागद पिळून, खळ देऊन ताठ केलेल्या दोऱ्यांना ‘मिझुहिकी’ म्हणतात आणि देशातलं बहुतांश उत्पादन ईदात होतं. लग्नाच्या पाकिटाला न सुटणारी गाठ, कारण लग्न एकदाच व्हावं. बाळ जन्मलं तर सहज सुटणारं फुलपाखरू, कारण तो आनंद पुन्हा आला तर हवाच आहे. आजारातून उठलेल्याला परत न सुटणारी गाठ. लग्नाला लाल-पांढऱ्या किंवा सोनेरी-रुपेरी दोऱ्या, मयताच्या घरी काळ्या-पांढऱ्या. लग्नाच्या पाकिटात मित्र सहसा ३०,००० येन घालतो, दहा-दहा हजारांच्या तीन कोऱ्या नोटा. दोन नोटा नकोत, जोडप्याचे दोन भाग होतील. मराठी घरात आहेराच्या पाकिटात पाचशेवर एक रुपया ठेवताना जो विचार असतो, तोच हा. मयताच्या पाकिटात मात्र कोरी नोट चालत नाही, जणू मरणाची तयारी आधीच करून ठेवली होती. चुकीची गाठ असलेलं सुंदर पाकीट हौसेने विकत घेऊन कुणाला देण्याआधी दुकानातल्या बाईंना प्रसंग सांगावा. त्या बरोबर ते काढून देतात.

फुरोशिकी या चौकोनी कापडाबद्दल थोडकंच. पूर्वी त्यात कपडे बांधून स्नानगृहात नेत, आता बाटलीपासून कलिंगडापर्यंत काहीही बांधतात. २००६ साली तेव्हाच्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांना पर्याय म्हणून, वापरलेल्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याची फुरोशिकी पुढे आणली होती.

पारंपरिक म्हणून जे विकलं जातं ते सगळं जुनंच असतं असं नाही. होक्काइदोतलं लाकडी अस्वल घ्या. याकुमो गावच्या जमिनीचा मालक असलेल्या तोकुगावा योशिचिका याने स्वित्झर्लंडमधून कोरलेलं अस्वल आणलं आणि हिवाळ्यात बेकार बसणाऱ्या शेतकऱ्यांना तसं करायला सांगितलं. पहिलं अस्वल १९२४ चं. दांडीला दोरीने चेंडू बांधलेला केंदामा आज ज्या आकारात दिसतो, तो कुरे शहरातल्या एगुसा हामाजी याने १९१९ साली नोंदवला. हिरोशिमाजवळच्या हात्सुकाइचीत त्याचं उत्पादन सुरू झालं आणि आता तिथे त्याची विश्वचषक स्पर्धा भरते. शंभर वर्षं म्हणजे परंपरा का? जपान सरकारच्या १९७४ च्या कायद्याने हस्तकलेला ‘पारंपरिक’ हा शिक्का देताना साधारण तेवढाच काळ धरला आहे. त्या हिशेबाने अस्वल नुकतंच वयात आलं म्हणायचं.

टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई स्टेशनच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरं पुष्कळ. त्यांच्यातलेच योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच विभागाच्या सभागृहात निवडून गेले. त्याच एदोगावात ‘एदो फूरिन’ बनते, वाऱ्यावर वाजणारी काचेची घंटी. साचा न वापरता नळीने हवेत फुगवलेली काच, चित्र आतल्या बाजूने रंगवलेलं म्हणजे पावसाने जात नाही, आणि खालची कड मुद्दाम खरखरीत सोडलेली, कारण आवाज त्या कडेतून येतो. कड घासून गुळगुळीत केली तर आवाज बोथट होतो. तिथल्या मराठी आईबापांनी सुट्टीत भारतात येताना विमानतळावरच्या चॉकलेटांच्या जोडीला ही एक घंटी आणली तर बिघडणार नाही. हातसामानात मात्र नीट गुंडाळावी.

विमानतळावर आणि मोठ्या पर्यटनस्थळी कोकेशी, दारुमा, बैल सगळंच एका मांडणीवर मिळतं. वाईट नसतं, पण त्यातलं पुष्कळ कारखान्यातलं असतं, काही जपानबाहेरचंही. मूळ गावी घेतलेल्या वस्तूची किंमत फार जास्त नसते आणि पैसे थेट त्या घरात जातात. हे महत्त्वाचं, कारण या कारागिरांतले बरेच साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत आणि पुढे शिकणारे कमी. फार फिरायला वेळ नसेल तर हिमेजीचा प्रसिद्ध किल्ला पाहून झाल्यावर त्याच शहराच्या उत्तर भागातलं जपान खेळणी संग्रहालय गाठावं. इनोऊए शिगेयोशी यांनी १९७४ साली ते खासगीरीत्या उभं केलं. पांढऱ्या भिंतींच्या जुन्या कोठारवजा इमारतींत गावोगावची खेळणी एकत्र पाहायला मिळतात.

कोकेशी घेताना ती उलटी करून तळ पाहावा. अस्सल बाहुलीच्या तळावर कारागिराने आपलं नाव शाईने लिहिलेलं असतं. घरी ती उन्हात ठेवू नये, लाल रंग उडतो. नारुकोत सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी अखिल जपान कोकेशी महोत्सव भरतो, निरनिराळ्या शैलींचे कारागीर तेव्हा एका गावात भेटतात. गाव लहान आहे, खोल्या थोड्या. जायचं असेल तर मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी.